खाली हाय

समोरच्या टॉवरची क्रेन सुरू झाली की मला बसवत नाही. हातातला चहा तसाच घेऊन मी गॅलरीत जाते, आत येते, परत जाते. लोड वर जातोय, वळतोय, कुठल्या तरी मजल्यामागे दिसेनासा होतोय, आणि तो टेकल्याशिवाय माझ्या घशाखाली घोट उतरत नाही. नवरा म्हणतो, "तुझ्या बापाची क्रेन आहे का ती?" गमतीत म्हणतो बिचारा. आज सकाळी मात्र मी त्याच्यावर खेकसले.

कारण बाबा मागेच खुर्चीत बसले होते. माझे वडील सगळा जन्म क्रेनखाली उभे राहिले. ऑपरेटर वर केबिनमध्ये, त्याला खालचं दिसत नाही. खाली उभं राहून त्याला उचल, उतरव, थांब सांगणारा सिग्नलमन म्हणजे आमचे बाबा. आता आईसोबत गोडदेवला आमच्या फ्लॅटमध्ये असतात. दोन्ही पंजे पोटासमोर एकमेकांत गुंफून तासन्‌तास बसतात. पाहुण्यांना वाटतं, वय झालं, शांत झालेत. शांत कसले! क्रेनच्या खुणांमध्ये गुंफलेल्या पंजांना अर्थ असतो. सगळं आहे तिथे राहू द्या, पुढचं सांगेपर्यंत कुणी काही हलवू नका. माझ्या शाळेच्या दिवसांपासून आमच्या घरात तीच खूण चालू आहे, आणि पुढचं कुणी सांगितलेलंच नाही.

काल संध्याकाळी आमच्या जुन्या गावाहून, मुर्ध्याहून, काकीचा फोन आला. चंदरकाकाची बायको. चंदरकाका म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. काकी म्हणाली, "उद्या दुपारी जावय गाडी घेऊन येतोय गो. वापीला चाल्लोय आमी पोरीकडं, कायमचं. ह्यांचा उरलेला पाय पन आता साथ देत न्हाय." मग जरा थांबून, "तुझ्या बापाला सांग. यायचा आसंल तर आताच."

मी सांगितलं. बाबांनी ऐकलं. पंजे सुटले नाहीत.

रात्रभर माझा डोळा नीट लागला नाही. हे दोन भाऊ इतकी वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत, आणि यांचं भांडणही झालेलं नाही, हाच तर वैताग आहे. भांडले असते तर कुणी तरी मिटवलं असतं.

मुर्ध्याचं आमचं जुनं घर मिठागराच्या कडेला होतं. माझ्या आठवणीत मिठागरं शेवटच्या घटका मोजत होती, तरी उन्हाळ्यात पांढरे ढीग दिसायचे आणि दुपारी बांधांवर इतकं लख्ख व्हायचं की डोळे मिटून चालावं लागे. बाबा आणि काका लहानपणी त्याच बांधांवर राबलेले. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये पाण्याचे चौकोन. हाक पोचायची नाही, म्हणून दोघे हातांनीच बोलायला शिकले. पाणी सोड, पाणी अडव, जेवायला चल, आई आली, पळ. पुढे मीरा रोडला बिल्डिंगा उठायला लागल्या आणि दोघे खलाशाच्या, म्हणजे जड माल चढवायच्या-उतरवायच्या, कामाला लागले, तेव्हा काकाला लोड बांधायला घेतलं आणि बाबांना खुणा करायला. खुणा शिकवाव्या लागल्याच नाहीत, असं काका छाती फुगवून सांगायचा.

साइटवरून दोघे आले की घरात वास यायचा. वायररोपच्या ग्रीसचा, ओल्या काथ्याचा, घामाचा. बाहेर वाळत घातलेला जवळा आणि खाडीचा गाळ हे आपले रोजचेच. पण ग्रीसचा वास आला म्हणजे दोघे धड परत आले. आई हातमोजे धुऊन तारेवर घालायची. संध्याकाळच्या वाऱ्यावर ते चार पंजे हलायचे, कुणाला तरी थांब थांब म्हटल्यासारखे. मला तो वास अजून कुठे आला तर मी तिथेच रेंगाळते. परवा एका हार्डवेअरच्या दुकानात उगीचच खिळे विकत घेऊन आले.

दोघांच्या तोंडात दोन शब्द कायम. हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे खाली सोड. कुठून आले कोण जाणे. बोटीवरच्या खलाशांचे म्हणे, तिथून साइटवर उतरलेले. आमच्या घरात ते सगळ्याला चालायचे. स्टोव्ह बारीक करायचा? बोट जमिनीकडे करून गोल फिरवायचं, आरिया. भात वाढायचा? बोट आभाळाकडे, हाबेस. काका ताटावर बसून ते बोट इतका वेळ फिरवत राहायचा की काकी अख्खं पातेलं त्याच्यापुढे आपटायची. आई चिडायची. "मुक्यांचं घर झालाय ह्या! देवानं तोंडा कशाला दिल्यान तुमाना?" तेव्हा आई असंच बोलायची. आम्ही सगळेच तसे बोलायचो. हाय, न्हाय, मना, तुना. मी बाबाला अरेतुरे करायची. "बाबा, तू कवा आयलास?" हे वाक्य मी आज मनातल्या मनात म्हणून बघितलं. जीभ अडखळली.

कुठलीही जड वस्तू उचलायची म्हणजे बाबांचा कायदा होता. आधी वीतभर उचलायची. थांबायचं. झुकते का, सरकते का बघायचं. मगच वर न्यायची. सिलिंडर असो, पाण्याचं पिंप असो. आणि दुसरा कायदा, लोड हवेत असताना गप्पा न्हाय. गणपती आणायचो तेव्हा मखरासमोर तमाशाच व्हायचा. काकाच्या हातात मूर्ती, बाबा समोर उभे. "हाबेस… बस… जरा डावीकडं… आता आरिया, सावकाश, सावकाश आरिया." सावकाशची खूण वेगळी असते, बोट फिरतं आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्यावर आडवा, झाकण धरल्यासारखा. शेजारपाजारचे टाळ घेऊन खोळंबलेले, मुलं हसतायत, भटजी घड्याळ बघतोय. गणपती पाटावर टेकला की काका मोठ्याने ओरडायचा, "बसला!" साइटवर लोड जागेवर टेकला की असंच ओरडतात. त्या आवाजावर आम्ही सगळे श्वास सोडायचो, आणि मग आरतीला सुरुवात.

मीही लोड होते. रविवारचा खेळ होता तो. काका डोळे मिटून मला काखेत धरून उचलायचा, तो क्रेन. बाबा सिग्नलमन. काकाने डोळे उघडायचे नाहीत, फक्त दादूसचं ऐकायचं. दादूस म्हणजे मोठा भाऊ, बाबांना तो तेच म्हणायचा. "हाबेस, हाबेस, उजवीकडं, आरिया…" मी हवेत पाय झाडत जायची आणि खाटेवर उतरायची. "बसला!" एकदा बाबांनी बदमाशी करून मला काकीच्या भिजवलेल्या कपड्यांच्या टबात उतरवलं. काका डोळे मिटूनच ओरडला, "बसला!" आणि मी नरड्यापर्यंत पाण्यात. काकी लाटणं घेऊन दोघांच्या मागे धावली. बाबा इतके हसले की त्यांना उचकी लागली. काकाने नंतर मला पुसताना विचारलं, "भ्यायलीस का गो?" मी म्हटलं, "न्हाय." खरंच नव्हते भ्यायले. बाबा सांगतायत आणि काकाचे हात आहेत, तर भ्यायचं कशाला.

आता मी लिफ्टमध्येसुद्धा कठड्याला धरून उभी राहते.

त्या दिवसाचं सगळं मला माहीत नाही. काय काम होतं, घाई कुणाची होती, भिंतीमागे कशाला उतरवायचं होतं, ते मोठ्यांनी तेव्हा पुष्कळ चघळलं असेल. मला आई म्हणाली तेवढं ठाऊक आहे. सळयांचा गठ्ठा वर हवेत होता. भिंतीमागे तो जिथे टेकायचा तिथे काका लाकडी ठोकळे सारखे करत होता. ऑपरेटर उत्तरेकडचा, चांगला माणूस, कधी कधी आमच्याकडे जेवायलाही आलेला. त्याला भिंतीमागचं दिसत नव्हतं. त्याने वॉकीटॉकीवर विचारलं, "उतारूँ क्या?" बाबा त्याच्याशी नेहमी हिंदीतच बोलायचे. पण त्या वेळी भाऊ डोळ्यांसमोर होता, भावाचं नाव तोंडात आलं, आणि त्याच्या मागून घरची भाषा आली. बटण दाबता दाबताच ते म्हणाले, "चंदर खाली हाय." ओरडले नाहीत. ओरडायचं कारण नव्हतं. थांब जरा, एवढाच अर्थ होता.

वॉकीटॉकीचं बटण दाबल्यावर एक श्वास थांबायचं असतं, नाही तर पहिला शब्द गिळला जातो. चंदर गिळला गेला. वर पोचलं ते फक्त, "खाली हाय."

आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. खाली है. कुणी नाही, उतरव.

बाबांनी शिट्टी मारली, दोन्ही हात वर केले, धावले. ऑपरेटरने शिट्टीवर लगेच थांबवलंही. पण गठ्ठ्याचं एक टोक आधीच पोचलं होतं. काकाचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. ऑपरेटर नंतर आमच्या ओट्यावर येऊन रडला होता, ते मी दारामागून बघितलं. "आपने ही तो बोला था, खाली है," एवढंच तो परत परत म्हणत होता. बाबा त्याच्या पाठीवर हात फिरवत होते.

हॉस्पिटलात काका शुद्धीवर आला तेव्हा बाबा उशाशीच होते. काकाने विचारलं, "दादूस, तू काय बोल्लास रं?" आई तिथे होती. ती सांगते, रागाने नाही विचारलं त्याने. त्याला नुसतं कळून घ्यायचं होतं. बाबा उठून बाहेर गेले. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर तेच दोन शब्द परत म्हणायला हवे होते.

त्यानंतर ते काकासमोर गेलेच नाहीत.

आणि घरातला हाय हा शब्द गेला. कुणी हुकूम काढला नाही. बाबा आहे म्हणायला लागले. "पाणी आहे का." "लाइट आहे." एखाद्या सरकारी माणसासारखं, तोलून मापून. मी हाय म्हटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की मीच मग आहे म्हणायला शिकले. आहे आला आणि त्याच्या मागोमाग बाबांना तुम्हीही आलं. शाळेत बाईंनी शाबासकी दिली, किती शुद्ध बोलतेस! आम्ही गोडदेवला आलो तेव्हा शेजाऱ्यांना आम्ही कुठले ते ओळखूच यायचं नाही. बाबांनी काम सोडलं नाही, पण निवृत्त होईपर्यंत साइटवर फक्त शिट्टी आणि हात. वॉकीटॉकी घ्यावाच लागला तर बटण दाबून आधी एक श्वास थांबायचे, मग एक शब्द. ती सवय इतकी लागली की अजून मोबाइल कानाला लावून ते आधी थांबतात, आणि समोरचा हॅलो हॅलो करून फोन ठेवून देतो. आई म्हणते, बरंच झालं, कर्ज देणारे तरी पिडत नाहीत.

काकाकडे आई आणि मी जात राहिलो. दर सणाला. काकाने घरावर मजला चढवला, खाली भाडेकरू ठेवले आणि स्वतः वर राहायला गेला. एका पायाचा माणूस वर कशाला राहतो असं कुणी विचारलं की म्हणायचा, "खाली राहून बगितलाय." आणि खदाखदा हसायचा. काकीला ते हसू सहन व्हायचं नाही. निघताना मला हळूच विचारायचा, "दादूस बरा हाय ना?" मी म्हणायची, "बरे आहेत." त्याला माझा आहे बोचायचा बहुतेक. घरी आले की बाबा नुसती मान वर करून बघायचे. मी पंजा खाली टेकवून दाखवायची, ठीक आहे सगळं. एवढीच काय ती पोस्टमनकी मी आजवर केली.

आज सकाळी मात्र माझं डोकं फिरलं. क्रेन चालू, चहा गार, घड्याळ पुढे, आणि बाबा खुर्चीत पंजे गुंफून. मी समोर जाऊन उभी राहिले. "बाबा, दुपारी तो जातोय. वापीला. तो गेल्यावरही इथे असेच गप्प बसणार?"

बाबा क्रेनकडे बघत राहिले.

"लोड असा किती वर्षं हवेत धरून ठेवणार हो?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं आता मला ओरडेल. ती म्हणाली, "चपला काढून ठेवल्यात दाराशी. इस्त्रीचा शर्ट घाला." बाबा उठले. वीतभर उठले, थांबले, गुडघ्यांचा अंदाज घेतला, मग पूर्ण उभे राहिले.

रिक्षा पुलावरून पश्चिमेला उतरली. बाबा बाहेर बघत होते. मिठागराच्या जागी पत्र्यांची कुंपणं, कुंपणांमागे क्रेनी. एका ठिकाणी रस्त्यावरच क्रेनने एक ट्रक रिकामा करत होते, सिग्नलवाला पोरगा मोबाइल बघत एका हाताने खुणा करत होता. "ए, भाई, रोको जरा," बाबा रिक्षावाल्याला म्हणाले. रिक्षा थांबली. लोड टेकेपर्यंत आम्ही तिथेच. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. गठ्ठा टेकला, मग बाबांनी हाताने पुढे चल अशी खूण केली. मला कळेना, हे काळजीने थांबले की तेवढाच उशीर करायला थांबले.

काकाच्या घरासमोर सामानाची बोचकी काढून ठेवलेली होती. जावयाची गाडी अजून आली नव्हती. मी पुढे होऊन हाक मारणार तर बाबांनी माझा दंड धरला. नको. ते गॅलरीच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. वर बघेनात, पुढे सरकेनात. पंजे पोटासमोर परत गुंफलेले. मला वाटलं, झालं! इथूनच परत फिरतात आता हे.

वर भांडी वाजत होती. जायच्या आधी काकीची आवराआवर चाललेली. ती बादली घेऊन गॅलरीच्या कठड्याशी आली. रोजच्यासारखं सांडपाणी तिथूनच खाली भिरकावणार होती. तेवढ्यात बाजूच्या खिडकीशी कुबडी वाजली, तिथून काकाला खाली कुणाचं तरी डोकं दिसलं असावं, आणि त्याचा आवाज आला.

"थांब गो! पानी टाकू नको. खाली हाय."

काकीने बादली मागे घेतली. "कोन हाय?"

"मानूस हाय खाली," काका म्हणाला. आणि मग तो कठड्याशी आला आणि त्याने बघितलं कोण आहे ते.

काका केवढा म्हातारा दिसत होता! बाबांनी मान वर केली. काकाने एवढ्या वर्षांनी त्याच सुरात विचारलं, जसं आई सांगायची तसं, राग नाही काही नाही.

"काय बोल्लास रं, दादूस?"

बाबा एक श्वास थांबले.

"चंदर," ते म्हणाले. आणखी एक श्वास. "चंदर खाली हाय. आसा बोल्लो मी."

आवाज चिरका आला, शेवट शेवट तर फुटलाच. माझ्या डोळ्यांना पाण्याची धार लागली. काकीने बादली तशीच खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

काका कठड्यावर वाकून नुसता बघत राहिला. मग त्याने कुबडी काखेत दाबली, एक हात मोकळा केला आणि बोट आभाळाकडे करून गोल फिरवलं. हाबेस. वर ये. मग काकीच्या खांद्याला टेकून त्याने दुसराही हात सोडवला आणि तो पंजा बोटावर आडवा धरला. जिना उभा होता. सावकाश ये, म्हणत होता.

बाबांनी गुंफलेले पंजे सोडले. जिन्याचा कठडा धरला आणि एक एक पायरी चढायला लागले. मी मागून गेले नाही. तोंडही उघडलं नाही. लोड हवेत होता. चपलांचा आवाज वर वर गेला, वळणावर थांबला, परत सुरू झाला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग काहीच नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभी, दोन्ही मुठी आवळून.

आणि मग वरून काकाचा आवाज आला, सगळ्या मुर्ध्याला ऐकू जाईल असा.

"बसला!"

तेव्हा कुठे मी खालच्या पायरीवर बसले.